कोट कुठवर यावा

सिनेमातला कोट बघून तसाच कोट शिवायला घेतला की बाकी सगळं जमतं, लांबी जमत नाही. रंग मिळतो. कापड थोडंफार तसं मिळतं. कॉलर, खिसे, बटणं तर बघून कुणीही करील. पण कोट खाली कुठं थांबला पाहिजे, हे पडद्याकडं नुसतं बघून कळत नाही. आणि तिथं चुकलं की वरची सगळी मेहनत मातीत.

यावर लिहितो म्हटल्यावर आमच्यातलाच एक कार्यकर्ता उखडला. म्हणाला, पोरांना नोकऱ्या नाहीत, गावागावात अजून जयंतीच्या मिरवणुकीवर दगड पडतात, आणि तू टेप घेऊन कोट मोजत बसलास? मी म्हटलं, बसलोय. कारण तीन इंचांनी आमचं अख्खं नाटक पाडलं होतं ते तूबी बघितलंस.

गोष्ट अशी. आमच्या इचलकरंजीच्या वस्तीत १४ एप्रिलच्या रात्री आम्ही एक छोटं नाटक करतो. यंत्रमागाची बिमं खांद्यावरून वाहणारा एक हमाल. वर्षभर थकलेली मजुरी मागायला तो एक दिवस कोट घालून मालकाच्या हापिसात जातो आणि समोरच्या खुर्चीवर पायावर पाय टाकून बसतो. एवढंच. ही बैठक 'कबाली'तनं घेतलीय हे लपवत नाही. पहिल्या वर्षी कोट ड्रेपरीवाल्याकडनं भाड्यानं आणला. एकतीस इंची कोट, कुणा सहा फुटी माणसाच्या मापाचा. आमचा गडी पाच फूट चार इंच. कोटाची कड मांडीवर लोंबतेय, बाह्या बोटांवर आल्यात. तो स्टेजवर आला आणि तोंड उघडायच्या आत लोक हसले. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पोरं तर शिट्ट्या मारायला लागली. कोट घातलेला हमाल म्हणून नव्हे हां. लांब कोटातला गरीब माणूस आपण सर्कशीत बघितलाय, तमाशात बघितलाय, लग्नाच्या बँडमध्ये बघितलाय. तो कोट त्याचा नसतो. मालकाचा उतरलेला असतो, नाहीतर भाड्याचा. लोक त्यालाच हसले. मग पुढं तो काय बोलला ते कुणी ऐकलंच नाही.

तेव्हा ठरवलं, पुढच्या जयंतीला कोट शिवायचा. कबालीचाच.

ज्यांनी सिनेमा बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पा. रंजित यांचा 'कबाली' २०१६ च्या जुलैत आला. मलेशियातल्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ मजुरांची ती हकीकत. त्यांच्यातलाच हा कबाली पंचवीस वर्षं तुरुंग भोगून बाहेर येतो. तुरुंगात त्याच्या हातात पुस्तक आहे ते वाय. बी. सत्यनारायण यांचं 'माय फादर बालय्या'. तेलंगणातल्या एका दलित रेल्वे कामगार घराण्याची ती कहाणी. आणि बाहेर पडतो तो कडक सुटाबुटात, आत वेस्टकोट. पोशाख अनु वर्धन यांनी केलेत. सिनेमात कबाली सरळ बोलून दाखवतो की गांधींनी कपडे उतरवले आणि आंबेडकरांनी कोट घातला, त्यात राजकारण आहे. मोठ्या पडद्यावर, एवढ्या मोठ्या नटाच्या तोंडून हे येतं तेव्हा अंगावर काटा येतो. (रजनीकांत म्हणजे मूळचा शिवाजीराव गायकवाड. बंगळूरच्या मराठी बोलणाऱ्या घरातला, एकेकाळचा बस कंडक्टर. आमच्या वस्तीत ही माहिती दर जयंतीला कुणीतरी नव्यानं सांगतोच.)

गांधींनी सदरा सोडला तोही तमिळ मुलखातच, मदुराईला, सप्टेंबर १९२१ मध्ये. १९३१ साली लंडनला गोलमेज परिषदेत ते पंचा नेसून बसले आणि बाबासाहेब सुटात बसले. पांढरपेशे अजून लिहितात की बघा, एकानं गरिबाचा वेश घेतला आणि दुसऱ्यानं साहेबाचा. आरं बाबा, ज्याच्याकडं सदरा आहे तो उतरवतो, त्याला त्याग म्हणतात. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या उघडं ठेवलं तो काय उतरवणार?

आणि उघडं म्हणजे तरी काय. अंगावर काही होतं ते कुणाचं होतं? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहून ठेवलंय की चांडाळानं मेलेल्याची वस्त्रं घालावीत. म्हणजे मढ्याच्या मापाचं कापड. जिवंत माणसाचं माप घ्यायची पाळीच येऊ नये असा बंदोबस्त. ती पोथी महाडला २५ डिसेंबर १९२७ ला जाळली, हे आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब आपल्या बायांना लुगड्याबद्दल बोलले, ते कमी जणांना आठवतं. गुडघ्यावर आखूड नेसू नका, वरच्या म्हणवणाऱ्या जातींच्या बायका नेसतात तसं नेसा, नेसण्यावरून जात ओळखू येता कामा नये, असा त्यांचा सांगावा होता. बघा, लांबीचाच प्रश्न. लुगडं पायावर कुठवर यावं हे सांगायला आपला नेता उभा राहिला, आणि मी टेप घेऊन बसलो तर तुम्ही मला हसता.

आता कामाचं.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. इंग्रजीत ज्याला जॅकेट म्हणतात तो आपला कोट. आपल्याकडं जाकीट म्हणजे बिनबाह्यांचं, पुढारी घालतात ते. मी कोटाबद्दल बोलतोय.

मोबाईलवर सिनेमा लावला आणि थांबवत थांबवत बघायला लागलो. मी सूतगिरणीत रिंगफ्रेम खात्यात आहे, तिसरी पाळी. सकाळी येऊन झोपायच्या आधी तासभर हेच. चार दिवसांत कळलं की निम्म्याहून जास्त दृश्यं मापाच्या कामाची नाहीत. बसलेला माणूस बाद. खिशात हात घातलेला बाद, कारण हातानं कड वर ओढली जाते. बटण सोडून चालतोय, कोट उडतोय, तोही बाद. ते दिसायला झकास, पण कड कुठाय हे कळत नाही. आणि सगळ्यात फसवा म्हणजे खालून घेतलेला शॉट. हिरो मोठा दिसावा म्हणून कॅमेरा जमिनीलगत ठेवतात. मग पाय लांबच लांब दिसतात, आणि कोट आखूड दिसतो. ते बघून जो शिवील तो बँडवाल्याचा कोट शिवील. आजकाल लग्नात नवरदेव घालतात तसला, बूड उघडं पडलेला.

कामाचा शॉट एकच. माणूस उभा, हात सोडलेले, बटण लावलेलं, कॅमेरा त्याच्या कमरेएवढ्या उंचीवर, आणि डोक्यापासून बुटापर्यंत सगळा दिसतोय. पाठमोरा असेल तर सोन्याहून पिवळं. कारण कोटाची लांबी पाठीमागनं मोजतात, मान आणि पाठ मिळते तिथं जो मणका बोटाला लागतो तिथनं.

मी बॉबिनवरचं वीतभर सूत घेतलं. मोबाईलच्या काचेवर मानेच्या मणक्यापासून बुटाच्या टाचेपर्यंत धरलं. मग ते सूत दुमडून निम्मं केलं आणि बघितलं, कोटाची कड दुमडीच्या वर येते का खाली. आकडा नको, इंच नको, रजनीकांतची उंची किती हेही नको. पाच-सहा शॉटांत असंच केलं. कड दुमडीच्या आसपासच येत होती, केसभर वर नाहीतर केसभर खाली.

हे मामाला दाखवलं. माझा मामा चाळीस वर्षं टेलरिंग केलेला माणूस. आता सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारतो, पण कात्री अजून त्याच्या हातात डुलते. त्यानं मोबाईलकडं बघितलंसुद्धा नाही.

"आरं भाच्या, ह्यासाठी शिनेमा कशाला बघायचा? मणक्यापास्नं जमिनीपतूर जेवढं भरंल त्याच्या निम्मं. आनि बसायची जागा झाकली पायजे. झालं."

मी म्हटलं, "मामा, मग सगळे चुकतात कसे?"

"इंच उचलत्यात म्हणून. कोन म्हनतंय हिरोचा कोट तीस इंची, की हे धरतंय तीस इंच. इंच हिरोचं हाय. निम्मं तुझं हाय."

मी ते पाकिटावर लिहून ठेवलं. मामाला कविता म्हणजे टवाळकी वाटते, म्हणून त्याला सांगितलं नाही.

आमच्या गड्याला बूट घालून उभा केला. नाटकात घालणार तेच बूट, कारण टाचेचा इंच मापात येतो. मणक्यापासून जमीन छप्पन्न इंच. निम्मं अठ्ठावीस. भाड्याचा कोट होता एकतीस. ते तीन इंच हेच.

मग तुम्ही म्हणाल, भाड्याचाच खालनं तीन इंच कापला असता तर? कापून चालत नाही. कोटात खिसे आणि बटणं लांबीच्या हिशेबानं बसवलेली असतात. खालनं तीन इंच गेले की खिसा कडेला येऊन टेकतो, बटण बेंबीच्या खाली राहतं, आणि कोट वरनं लांब, खालनं तुटका दिसतो. कड इंचभर इकडंतिकडं करता येते, त्याहून जास्त नाही. अंगाप्रमाणं कोट पहिल्यापासनं बेतावा लागतो. कुणी हाताचं माप सांगतात, हात सोडून बोटं मुडपली की कड मुठीत यावी. ते घाईच्या वेळी ठीक. पण हात काय सगळ्यांचे सारखे असतात? बिमं वाहून आमच्या गड्याचे हात गुडघ्याला टेकतील की काय असं वाटतं. त्या हिशेबानं शिवला असता तर पुन्हा भाड्याचाच कोट झाला असता.

पहिला कोट मांजरपाटाचा. खरं कापड कापायच्या आधी स्वस्तातल्या कोऱ्या कापडाचा कच्च्या टाक्यांनी शिवायचा, अंगावर घालून बघायचा, खडूनं खुणा करायच्या. अठ्ठावीस इंच मोजून शिवलेला कोट अंगावर घातला तर मागची कड पाऊण इंच वर चढलेली. आणि उजवी बाजू डावीपेक्षा अर्धा इंच खाली.

माप बरोबर होतं. अंग वेगळं होतं. सोळाव्या वर्षापासून तो बिमं उचलतोय. पाठीला बाक आलाय, आणि त्या फुगवट्यावरनं कापड जास्त वळसा घेतं, म्हणून मागनं वर जातं. उजव्या खांद्यावर भार, म्हणून उजवा खांदा उतरलाय, म्हणून तिकडची कड खाली. पडद्यावरचा कोट छाती काढून उभ्या राहिलेल्या माणसासाठी बेतलेला असतो. आमच्या पाठीचा नकाशा त्यात कुठं असणार.

इथं मामाचं आणि माझं वाजलं. पाठीचं त्यानं चटकन सोडवलं. पाऊण इंच वाढवायचा तो खाली कडेला नव्हे, वर पाठीच्या फुगवट्यावर, खांद्याच्या पात्यांच्या रेषेत कापड फाकवून. तसं केलं की कड आपोआप जमिनीला सरळ येते. (पुढची बाजू मागच्यापेक्षा अर्धा इंच खाली ठेवतात, तेवढी ठेवली.) पण खांद्याचं म्हणाला, उजवीकडं जाड पॅड घालू, दोन्ही खांदे सारखे दिसतील, हिरोसारखे. मी म्हटलं, नको. नाटकात हा माणूस मालकापुढं बसून मजुरी मागतोय. त्याचा खांदा का उतरलाय हे मालकाला दिसू दे की. मामा म्हणाला, "लोकं म्हनतील टेलरला शिवाया येत न्हाई." त्याचंही खरं होतं. वाकडा कोट म्हणजे पुन्हा हसू. शेवटी उजव्या खांद्याच्या शिलाईत अर्धा इंच आत घेतला, पॅड घातला नाही. खांदा उतरता राहिला आणि खालची कड सूत धरल्यासारखी सरळ झाली. मामा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी काजं मात्र त्यानंच हातानं केली.

तिसरी अडचण गड्याच्या आईची. ट्रायल बघायला आली आणि म्हणाली, "बाळा, जरा वाढता ठेव की. एवढं कापड लागलंय. पुढं लग्नात घालंल." आपल्या सगळ्यांच्या आया हेच म्हणत आल्या. शाळेचा शर्ट वाढत्या अंगाचा. चप्पल वाढत्या पायाची. पाचवीला घेतलेली चड्डी आठवीत मापात यायची आणि तोवर फाटायची. मापात असलेला कपडा घातल्याचं मला स्वतःला आठवत नाही, गिरणीत लागेपर्यंत. आईला मी काय समजावणार? मी म्हटलं, "मावशी, आत दीड इंच दुमड ठेवलीय, लागलं तर सोडता येईल." तिनं कोट उलटा करून दुमड बोटानं चाचपून बघितली, मगच गेली.

शेवटची परीक्षा खुर्चीची. सगळी गंमत तर त्या बसण्यात आहे. सिनेमातही समोरच्याला कबालीचा कोट खुपतो आणि त्याचं पायावर पाय टाकून बसणं खुपतं. कोट लांब असेल तर बसताना तो बुडाखाली येतो, कॉलर मागनं वर उचलते, माणूस गाठोड्यासारखा दिसतो. म्हणून बसून बघायचं. वरचं बटण सोडायचं, मागची चीर उघडते का बघायची, पुढची टोकं मांडीवर दोन्हीकडं सारखी पडतात का बघायची. आमच्या गड्याला आधी बसताच येईना. खुर्चीच्या कडेवर टेकायचा, जशी मालकापुढं सवय आहे तशी. कोटाचा दोष नव्हता तो. वीस वेळा बसवला. एकविसाव्यांदा तो मागं रेलला आणि कोट बसला.

कापड सव्वातीन मीटर लागलं, वेस्टकोट-पँट धरून. भिलवाड्याचं सुटिंग, करड्या रंगाचं. आमच्या सुताचं नाही. आमचं सूत धोतराला, मांजरपाटाला जातं. तसं बघाल तर आपल्याला कापडाजवळ कधी येऊच दिलं नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार बरा, तिथं अस्पृश्याला घेत नसत. धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे, त्याला विटाळ होई म्हणे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं टाकला, की मजुरांची एकी म्हणता तर हे खातं आम्हाला बंद का? आता तोंडानं सूत ओढायचं राहिलं नाही. मी तरीही अजून कताईतच आहे.

तो उखडलेला कार्यकर्ता ट्रायलला आला होता. कोट फिरून फिरून बघितला आणि विचारलं, "हा कबालीचा का बाबासाहेबांचा?" मी म्हटलं, बाबासाहेबांचे कपडे नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात जपून ठेवलेत, ते त्यांच्या अंगाचे. कबालीचा कोट रजनीकांतच्या अंगाचा. हा ह्याच्या अंगाचा. तो म्हणाला, "मग नक्कल कसली?" मी म्हटलं, कड जिथं थांबते तिची.

नाटक झालं. कोट दिसला तेव्हा कुणी हसलं नाही. खुर्चीवर बसला तेव्हा मागनं एक म्हातारा "बस, बस, नीट बस" म्हणून ओरडला. मजुरीच्या वाक्याला टाळ्या पडल्या त्या लेखकाच्या. म्हणजे माझ्या नव्हेत, वाक्य सगळ्यांनी मिळून लिहिलंय.

कोट आता विहाराच्या कपाटात आहे, आत कडुनिंबाचा पाला घालून. पुढल्या जयंतीला दुसऱ्या वस्त्यांतली पोरं मागताहेत. द्यायला हरकत नाही. पण अंग पाच फूट दोन ते पाच फूट सहामधलं पाहिजे, त्यापलीकडं दुमड पुरणार नाही, नवाच बेतावा लागेल. ज्याला घालायचाय त्यानं बूट घेऊन महिनाभर आधी यावं. दुपारी दोननंतर या, सकाळी मी झोपलेला असतो.